बाळाचा घास, बाळाच्या हाती



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतसाहित्य, नाट्यकला अशा भारदस्त विषयांवर विवेचन झाले आहे. त्या मालिकेत सहा महिन्यांच्या बाळाने काय आणि कसे खावे हा विषय घेऊन उभे राहताना मला संकोच वाटतो. चिटणीसांनी पत्रातून विषय विचारला, तेव्हा मी तो कळवला आणि उलट टपाली त्यांनी ‘आणखी काही सुचते का’ असे नम्रपणे विचारले, हेही सांगून टाकते. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या आमच्या शास्त्राच्या बाईंना हा विषय रुचला असता. नववीत जास्वंदीचे फूल शिकवताना बाईंनी ते स्वतः उकलून कधी दाखवले नाही. प्रत्येकीच्या हातात एक फूल आणि एक टाचणी देत. निम्मी फुले आम्ही नासवत असू. बाई मुकाट्याने दुसरे फूल पुढे करत. आकृतीत मात्र हयगय चालत नसे. त्यांच्या हाताखाली शिकूनही मी पुढे तीस वर्षे हजारो आयांना जो सल्ला दिला, तो या रीतीच्या नेमका उलटा होता. आजचे व्याख्यान त्याविषयी आहे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी बाळंतपणानंतर काही महिने दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहिली होती. नातीला नुकताच सातवा महिना लागला होता. एके सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तो नात खुर्चीत ताठ बसलेली, पुढ्यात उकडलेल्या दुधीची बोटाएवढी फोड आणि तशीच दुसरी तिच्या मुठीत. मुठीबाहेर आलेले टोक ती हिरड्यांनी कुरतडत होती. तिला एकही दात नव्हता. मी बालरोगचिकित्सक खरी. पण त्या क्षणी माझ्यातली आजी पुढे झाली आणि मी ती फोड काढून घेतली. नातीने भोकाड पसरले. मुलगी शांतपणे म्हणाली, “आई, तुला नेमकी कशाची भीती वाटते ते सांग. पटले तर मी उद्यापासून मिक्सर लावते.” मी म्हणाले, “घशात अडकेल.” ती म्हणाली, “मांडीवर आडवे घेऊन चमच्याने घातलेले अडकत नाही?” मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत वाचायला सुरुवात केली, ती अजून संपलेली नाही.

प्रथम या पद्धतीचा अर्थ स्पष्ट करते. इंग्लंडमधील जिल रॅपली या परिचारिकेने, तान्ह्या मुलांच्या घरी जाऊन आयांना मार्गदर्शन करण्याच्या अनुभवातून, २००८ साली ट्रेसी मर्केट यांच्यासह एक पुस्तक प्रसिद्ध केले. तिथून या पद्धतीचे इंग्रजी नाव जगभर पसरले. त्या नावातल्या एका शब्दाचा अर्थ ‘दूध तोडणे’ असा घेऊन आपल्याकडच्या काही आया घोटाळ्यात पडतात. ब्रिटिश वापरात तो शब्द वरचे अन्न सुरू करण्यासाठी आहे आणि आईचे दूध पूर्ववत चालूच ठेवायचे असते. मी तिला मराठीत ‘बाळाच्या कलाने अन्न’ म्हणते. पूर्ण सहा महिन्यांचे, आधाराने ताठ बसू शकणारे बाळ घरच्यांबरोबर बसवावे. त्याच्या मुठीत मावतील असे मऊ शिजलेले तुकडे पुढ्यात ठेवावेत. ते उचलायचे की नाही, तोंडात घालायचे की भिरकावायचे, किती खायचे आणि केव्हा थांबायचे हे बाळाने ठरवावे. वाटणे नाही, गाळणे नाही आणि दुसऱ्याने तोंडात घालणे नाही. एवढीच तिची मांडणी आहे. या शेवटच्या निषेधाशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

हे शक्य कसे होते, ते बाळाच्या शरीरात पाहावे लागते. तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर काही घट्ट ठेवले, तर जीभ ते बाहेर ढकलते. पुष्कळ आया ‘त्याला आवडले नाही’ म्हणतात. वास्तविक ती निसर्गाने बसवलेली दाराची कडी आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती कडी हळूहळू निघते. त्याच सुमारास मान स्थिर होते, पाठ आधाराने ताठ राहू लागते आणि दिसेल ती वस्तू हाताने पकडून तोंडात घालण्याचा उद्योग सुरू होतो. ही पकड संपूर्ण पंजाची असते. मुठीच्या आत गेलेला भाग बाळाला मिळत नाही, कारण मूठ हेतुपूर्वक उघडणे त्याला अजून साधलेले नसते. म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब हवा, म्हणजे वरचे टोक खाता येते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत शिजलेला वाटाणा उचलण्याचे कसब नवव्या महिन्याच्या आसपास येते. चावण्यासाठी दात लागतात हा आपला समजही अर्धाच खरा आहे. दळण्याचे काम करणाऱ्या दाढा साधारणपणे पहिला वाढदिवस उलटल्यावर येतात. तोवर मऊ अन्न चिरडायला हिरड्या पुरतात. जीभ घास डावी-उजवीकडे नेऊन हिरड्यांखाली ढकलायला शिकते, ती शिजलेल्या फोडीशी झटापट करूनच. पातळ लापशीत तिला असे काही करावे लागत नाही. चोखायचे आणि गिळायचे.

या शिक्षणाला वेळेची मर्यादा असावी, असे मानायला आधार आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांची दीर्घकाळ पाहणी चालू आहे. ज्या मुलांना गुठळ्या असलेले अन्न दहाव्या महिन्यानंतर प्रथम मिळाले, ती पंधराव्या महिन्यात भरवायला अधिक अवघड असल्याचे त्यांच्या आयांनी नोंदवले आणि सातव्या वर्षीही त्यांच्या खाण्याच्या तक्रारी इतरांपेक्षा अधिक होत्या. पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. तथापि ‘दोन वर्षांचा झाला तरी सगळे वाटूनच लागते, कण लागला की ओकतो’ असे सांगत येणारी मुले माझ्या दवाखान्यात आठवड्याला दोन-तीन तरी असत. त्यांच्या आयांना वाटून घालायला कोणी सांगितले होते? बहुधा मीच.

मग वाटलेल्या अन्नाची ही सक्ती आली कुठून? पाश्चात्त्य देशांत याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत हॅरल्ड क्लॅप यांनी १९२१ साली बाळासाठी तयार सार विकायला काढले. मिशिगन राज्यातल्या फ्रिमाँट गावी डोरोथी गर्बर आपल्या मुलीसाठी वाटाणे गाळत बसत. त्यांच्या यजमानांच्या कुटुंबाचा डबाबंद भाज्यांचा कारखाना होता, आणि १९२८ साली त्या कारखान्यातून गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात आले. पुढच्या दशकांत तिकडे स्तनपान मागे पडत गेले आणि वरचे अन्न सुरू करण्याचे वय खाली खाली आले; दोन-तीन महिन्यांच्या बाळांनाही डब्यातले अन्न मिळू लागले. इतके लहान मूल पातळ लगद्याशिवाय दुसरे काय गिळणार? त्या वयाला वाटणे भागच होते. नंतर वय पुन्हा वर चढले. ब्रिटनमध्ये १९७४ साली ‘चार महिन्यांच्या आत नको’ असा सल्ला आला; २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने केवळ आईच्या दुधाची शिफारस केली आणि २००३ साली ब्रिटनने ती स्वीकारली. आपल्या देशात शिशुआहाराविषयीचा १९९२चा कायदा मुळात चार महिन्यांपासूनच्या अन्नाचा विचार करत होता. २००३च्या दुरुस्तीने तिथे सहा महिने झाले आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या डबाबंद अन्नाच्या जाहिरातीवर बंदी आली. वय असे दुप्पट-तिप्पट झाले, लगदा मात्र तसाच राहिला. रॅपली यांचा मूळ आक्षेप हाच आहे आणि तो मला बिनतोड वाटतो.

आपल्या ग्रंथांकडे पाहिले तर सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. आपली उष्टावणाची रीतही त्याच सुमाराची, मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात. काही घरांत त्या दिवशी बाळापुढे पुस्तक, लेखणी, नाणे, अवजार अशा वस्तू मांडतात आणि ते काय उचलते यावरून त्याच्या भावी व्यवसायाचे भाकीत करतात. जन्माचा व्यवसाय निवडण्याची मुभा असलेले हे बाळ खिरीचा घास मात्र निवडू शकत नाही. तो त्याच्या मामाने ठरवायचा!

बाळाला निवडू दिले तर काय होते, याचा एक धाडसी प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही तो फारसा ठाऊक नसतो. डॉ. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९२६ साली क्लीव्हलँडमधल्या एका रुग्णालयात आणि पुढे शिकागोत एकंदर पंधरा मुले निरीक्षणाखाली ठेवली. ज्यांच्या आया परिस्थितीमुळे त्यांचा सांभाळ करू शकत नव्हत्या अशी ही मुले, सुरुवातीला सहा ते अकरा महिन्यांची, आणि वरचे अन्न कधीही न चाखलेली. काही सहा महिने, तर काही साडेचार वर्षांपर्यंत त्या प्रयोगात होती. यादीत चौतीस पदार्थ होते: दूध, आंबवलेले दूध, गहू, ओट, जव, बटाटा, बीट, गाजर, पालक, केळी, सफरचंद, अंडी, मासा, कोंबडी, यकृत, हाडातला मगज इत्यादी. मीठ वेगळ्या वाटीत. प्रत्येक जेवणाला त्यांतले निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या भांड्यांत बाळापुढे मांडत. परिचारिकेने चमचा हातात धरून स्वस्थ बसायचे. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात केला तरच चमचा भरायचा आणि त्याने तोंड उघडले तरच घास द्यायचा. ‘हे घे’ म्हणायचे नाही, शाबासकी नाही, रागावणे नाही. बाळाने बोटांनी खाल्ले तरी हरकत नव्हती.

पहिल्या काही दिवसांत मुलांनी हाताला येईल ते तोंडात घातले, ताटल्यासुद्धा. नंतर प्रत्येकाची आवड ठरत गेली आणि कोणत्याही दोघांची आवड जुळली नाही. एखाद्याच्या न्याहरीत संत्र्याचा रस आणि यकृत, तर दुसऱ्याच्या रात्रीच्या जेवणात अंडी, केळी आणि दूध, अशी कुठल्याही आहारतज्ज्ञाला घेरी यावी अशी ती जेवणे होती. सुरुवातीला चार मुले अशक्त होती आणि पाचांना मुडदूस होता. त्यांतल्या एकाचा मुडदूस तीव्र होता. त्याच्या पुढ्यात माशाच्या तेलाचा छोटा पेला ठेवत. दुखणे बरे होईपर्यंत तो ते अधूनमधून पीत असे, बरे झाल्यावर त्याने ते सोडून दिले. सगळी मुले धडधाकट वाढली. डॉ. डेव्हिस यांनी १९२८ साली आणि पुन्हा १९३९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यावरून ‘मुलाला सगळे कळते, त्याला हवे ते खाऊ द्या’ असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही निघाले. डॉ. डेव्हिस यांनी त्यांना स्वतःच उत्तर दिले: यातली मेख यादीत आहे. चौतीस पदार्थांत साखर नव्हती, बिस्किट नव्हते, तळलेले काही नव्हते. वाईट निवड करायला वावच नव्हता. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून दुसरा प्रयोग करण्याची त्यांची इच्छा होती; महामंदीत पैसा आटला आणि तो राहून गेला. पंधराच मुले, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आईपासून दूर वाढलेली बाळे. या प्रयोगाच्या मर्यादा उघड आहेत आणि आज अशी परवानगी कोणी देणारही नाही. मला त्यात महत्त्वाची वाटली ती परिचारिकेच्या हातातल्या चमच्याची गोष्ट. चमचा होता, परंतु तो बाळाच्या हुकमात होता. काय मांडायचे ते मोठ्यांनी ठरवले; किती खायचे ते बाळाने. मी आज जे सांगायला आले आहे, ते या दोन वाक्यांत येते.

आता मुलीने विचारलेल्या भीतीकडे वळते. उमासा आणि गुदमरणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्यामुळे आपण घाबरतो. घास नीट चावला न जाता मागे सरकला की जीभ त्याला उमाशासह पुढे फेकते. मोठ्या माणसात हा उमासा पडजिभेजवळ येतो. सहा महिन्यांच्या बाळात त्याची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून तो लवकर आणि वारंवार येतो. चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते, आवाज होतो, घास बाहेर पडतो आणि बाळ पुन्हा तोच घास उचलते. हा रक्षक आहे. गुदमरणे मुके असते. श्वासनलिका बंद झालेल्या बाळाचा खोकला उमटत नाही, रडे फुटत नाही आणि ओठ निळे पडू लागतात. आवाज करणाऱ्या बाळाच्या तोंडात बोट घालू नये. बोटाने घास आत ढकलला जातो. आवाज न करणाऱ्या बाळाला मात्र तत्क्षणी उचलावे.

न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने २०६ गर्भवती स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून ही पद्धत तपासली. एका गटाला बाळाच्या कलाने खाऊ घालण्याचे, त्यातही गुदमरणे आणि लोह यांविषयी विशेष काळजीचे मार्गदर्शन मिळाले. दुसऱ्याने नेहमीच्या रीतीने भरवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार स्वतः खाणाऱ्या मुलांना सहाव्या महिन्यात उमासे अधिक आले आणि आठव्या महिन्यात कमी. सहा ते आठ महिन्यांच्या काळात शेकडा ३५ मुलांना निदान एकदा तरी घास अडकल्याचे पालकांनी सांगितले. पण दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. सातव्या महिन्यात शेकडा ५२ आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास शेकडा ९४ मुलांच्या पुढ्यात अडकण्याचा धोका असलेला एखादा पदार्थ ठेवला गेला होता. धोका पद्धतीत कमी आणि पदार्थात जास्त आहे.

पदार्थाचा धोका मी स्वतःच्या चुकीतून शिकले. अकरा महिन्यांचा एक मुलगा. छातीत घरघर म्हणून आणला. मी दम्यासारखा विकार समजून औषध दिले. आठवड्याने पुन्हा आला, मी औषध बदलले. तिसऱ्या खेपेला त्याची आजी सहज बोलून गेली, की मोठा भाऊ शेंगा सोलत असताना याला एकदा जोराचा ठसका लागला होता. हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. दुर्बिणीने उजव्या श्वासनलिकेतून शेंगदाण्याची अर्धी पाकळी निघाली. मुलगा वाचला, यात माझे कर्तृत्व काही नाही. त्या मुलाला घरी सगळे वाटूनच घालत होते, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या गुजरातेत शेंगदाणा घरोघरी, वाटीवाटीत आहे. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, अख्खे द्राक्ष, कच्चे गाजर, कच्च्या सफरचंदाची फोड, खोबऱ्याचा तुकडा, लाह्या, गोळी, सुपारी यांपैकी काही बाळाच्या हाती लागता कामा नये. अख्ख्या दाण्यांबाबत तर पाच वर्षांपर्यंत. दाण्याचे बारीक कूट भाजीत चालते. दात शिवशिवतात म्हणून खारीक चोखायला देण्याची आपली पद्धतही मला आता धोक्याची वाटते, कारण ती मऊ होऊन तिचा तुकडा निघतो.

दुसरी चिंता लोहाची, आणि आपल्या देशात ती पहिलीपेक्षा मोठी आहे. पूर्ण दिवसांचे बाळ आईकडून आणलेल्या लोहाच्या साठ्यावर साधारण सहा महिने काढते. आईच्या दुधात लोह थोडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत शेकडा ६७ रक्तक्षयी आढळली, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा व विविध आहार मिळणारी केवळ शेकडा ११ होती. ओटागोच्या मुलांत दोन्ही गटांचे लोह सारखेच राहिले. पण त्या आयांना प्रत्येक जेवणात लोहयुक्त पदार्थ ठेवायला शिकवले होते, आणि तिथे ते बहुधा मांस होते. आपल्या शाकाहारी घरात बाळाने दुधीची फोड चोखून टाकली, तर त्याच्या पोटात लोह जवळजवळ जात नाही. वरणातले लोह चोखून मिळत नाही, ते गिळावेच लागते, आणि वरण मुठीत धरता येत नाही.

इथे रॅपलींच्या निषेधाशी माझी वाट वेगळी होते. मुठीतली फोड आणि चमच्याने घट्ट वरणभात, खिचडी किंवा नाचणीची खीर, दोन्ही एकाच ताटात असावीत. अंडे चालत असेल तर अंडे द्यावे, मांसाहारी घरात यकृत किंवा खिमा मऊ शिजवून द्यावा, डाळीवर लिंबू पिळावे. आंबट फळाने वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते. सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध मिळते, ते न चुकवावे. जन्मतः कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे किंवा वजन न वाढणारे मूल केवळ त्याच्या मुठीवर सोपवणे मला गैर वाटते. त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. ज्या घरात आई पहाटे कामावर जाते आणि बाळ सात वर्षांच्या बहिणीपाशी असते, तिथे ही पद्धत सांगणे ही आपल्यासारख्यांची चैन होईल. बाळाजवळ खाण्याच्या वेळी मोठे माणूस बसलेले हवे, ही अट सोडता येत नाही.

चमचा ठेवायचा, तर तो कुणाच्या हुकमात? माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. तीस वर्षे मी प्रत्येक आईला पहिला प्रश्न विचारत आले: “वाटी संपवतो का?” ‘नाही’ म्हणताना तिचा चेहरा अपराधी होई. घरी जाऊन ती ती वाटी संपवत असे: चिऊकाऊ दाखवून, पुढे दूरदर्शनसमोर बसवून, आता मोबाइल हातात देऊन, आणि तरी न जमल्यास मांडीवर आडवे घेऊन, हात धरून, रडण्यासाठी उघडलेल्या तोंडात घास सोडून. आमच्या पिढीत बोंडल्याने असेच पाजत. पोट भरल्यावर तोंड फिरवणे ही बाळाची पहिली स्पष्ट भाषा आहे, आणि आपण तिला ‘नखरे’ म्हणतो. वाटी किती भरायची हे मी ठरवलेले, बाळाच्या पोटाने नव्हे. माझा प्रश्न चुकीचा होता. ‘तो तोंड फिरवतो तेव्हा तुम्ही काय करता?’ असे विचारायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही बाळाच्या भुकेच्या आणि तृप्तीच्या खुणा ओळखून, त्याला स्वतः खाण्यास उत्तेजन देत भरवावे असे म्हटले आहे. ओटागोच्या स्वतः खाणाऱ्या मुलांच्या वजनात दोन वर्षांच्या वयापर्यंत काही फरक दिसला नाही, परंतु खाण्याविषयी त्यांची कुरकुर कमी होती. फायद्याचे मोठे दावे करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मला एवढा फायदा पुरेसा वाटतो.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते. आपले स्वयंपाकघर या कामाला फार सोयीचे आहे. वाफवलेले मुठिये पाहा. मुठीने वळतात म्हणून ते मुठिये, आणि बाळाच्या मुठीसाठी त्याहून चांगला आकार सुचवता येणार नाही. पीठ मिठाविना वेगळे काढून, दुधी किसून, मूगडाळीचे पीठ घालून मऊ वाफवावेत. इडलीची लांबट फोड, मुगाचे मऊ धिरडे, उकडलेला लाल भोपळा, रताळे, पिकलेले केळे निम्मे सालीसह, म्हणजे ते हातातून निसटत नाही. खिचडी घट्ट करून लांबट वळावी. कसोटी सोपी आहे: आपल्या अंगठ्याने आणि बोटाने हलके दाबल्यावर चिरडले गेले तरच ते बाळासाठी. पहिले वर्ष मीठ आणि साखर घालू नये. मध तर अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला लुळेपणा आणणारा विकार होऊ शकतो. बाळ भुकेने कळवळलेले असताना खायला बसवू नये. आधी थोडे दूध पाजावे, कारण पहिले काही आठवडे हे खाणे म्हणजे अभ्यास असतो, पोट दुधानेच भरते. सोबत घरचे कोणी जेवत असावे. एकटे बसवून दहा जणांनी त्याच्याकडे टक लावून पाहणे, याला जेवण म्हणत नाहीत.

सांडलवंड होते. अन्न टाकणे हे पाप मानणाऱ्या घरात हा भाग खरोखर जड जातो आणि सासूबाईंना हसून मी तो उडवून लावणार नाही. आम्ही खुर्चीखाली धुतलेले मेणकापड अंथरत असू आणि एका वेळी दोनच फोडी पुढे ठेवत असू; पडलेली फोड धुऊन पुन्हा देता येते. माझी आई तेव्हा नव्वदीला टेकली होती. पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “यात नवीन ते काय? तू एवढी असताना मी चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि तू वरणात भिजवलेला तुकडा मुठीत धरून बसायचीस. तुला भरवायला वेळ कुणाला होता?” तिच्या सात मुलांपैकी दोन पहिल्या वर्षात गेली होती, म्हणून जुने ते सगळे चांगले असे ती कधी म्हणत नसे आणि मीही म्हणत नाही. तिच्याकडे मिक्सर नव्हता, एवढेच त्यातून कळते.

आठव्या दिवशी मी मुलीला सांगितले, की फोडी चालू ठेव, वरणाची वाटी आणि चमचाही ठेव, आणि घरातले सगळे शेंगदाणे वरच्या फळीवर जाऊ देत. तिला वाटीची अट फारशी आवडली नाही. नातीने पहिल्याच दिवशी चमचा माझ्या हातातून ओढून घेतला आणि उलट्या बाजूने तोंडात घातला.

आता शेवटचे, आणि हे आपण ऐकण्यापेक्षा करून पाहावे अशी माझी विनंती आहे. घास अडकून बाळ मुके झाले, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली, जबडा तळव्यात धरलेला. मनगटाजवळच्या तळव्याने दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच ठोके द्यावेत. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबावे. निघेपर्यंत आलटून पालटून हेच, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बाळ निपचित पडले, तर छाती दाबणे आणि श्वास देणे सुरू करावे. घास डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट फिरवू नये, पाय धरून उलटे टांगू नये, पाणी पाजू नये. मी दोन बाहुल्या बरोबर आणल्या आहेत. चहापानाच्या वेळी मी याच मंचाच्या डाव्या बाजूला बसणार आहे. आज्या, आजोबा आणि मुले सांभाळणाऱ्या बाया यांनी आधी यावे, कारण दुपारी बाळ बहुधा त्यांच्यापाशी असते.